हेमंत भोयरचे बारा ग्राहक

हेमंत भोयर ज्या रुमालानं नाक पुसायचा त्याच रुमालानं लॅपटॉपचा पडदा पुसायचा. मग तोच रुमाल नीट चार घड्या घालून शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. मी तेव्हा नव्या रायपूरच्या एका संचालनालयात सेक्शन ऑफिसर होतो आणि या कंत्राटी प्रोग्रामरला साहेबांनी नेमकं माझ्या समोरचं टेबल दिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो स्कूटरच्या किल्लीनं नखं कोरायचा. भज्यांच्या तेलकट बोटांनी कीबोर्ड बडवायचा. विचारात पडला की पेनाचं टोपण कानात घालायचा, फिरवायचा, आणि बाहेर काढून त्याच्याकडे बघायचा. शी! मी डबा उघडला की भिंतीकडे तोंड करून बसत असे. घरी बायको विचारायची, "काहून हो, भाजी तशीच परत आणली?" तिला काय कपाळ सांगणार!

पण पोट्टा कामाला पक्का होता, हे नाकारलं तर मला पाप लागेल. वर्ध्याकडचा, तिशीच्या आतला, अंगानं काडी, आणि खोटं बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. कोणतंही काम दाखवायची त्याची एक रीत होती. आधी म्हणायचा, "पहिले काय होत नाही ते सांगतो." हजेरीचं सॉफ्टवेअर दाखवायला संचालकांपुढे उभा राहिला तेव्हाही तेच. दहा मिनिटं झाली, हा अजून काय होत नाही तेच सांगून राहिला. संचालक वैतागून म्हणाले, "भैया, कुछ होता भी है इसमें?" सगळा हॉल हसला. हेमंता मात्र गंभीरपणे म्हणाला, "हव सर, बाकी सब होता है." आणि खरंच होत होतं. दोन वर्षं एकदाही अडकलं नाही.

माझ्यावर तर त्याचे उपकारच आहेत. चारशे कर्मचाऱ्यांच्या ज्येष्ठता यादीची माहिती माझ्या हातून उडाली. माझ्याच. 'काढून टाकू का?' असं मशीननं विचारलं आणि मी न वाचता होय केलं. तीन दिवसांनी यादी मंत्रालयात जायची होती. मला घाम फुटला. हेमंता रविवारी ऑफिसात येऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला आणि शेवटच्या नावापर्यंत सगळं परत आणलं. सोमवारी साहेबांनी विचारलं, "किसके हाथ से हुआ?" मी फाइलीत डोकं घातलं. हेमंता म्हणाला, "सर, दुसरी प्रत ठेवायची सोय मीच केली नव्हती. चूक माझी." त्याला ताकीद मिळाली, लेखी. मी त्याला कँटीनमध्ये नेऊन म्हटलं, "हेमंता, तुझे उपकार जन्मात विसरणार नाही बाबा." तो समोसा खात होता. "बेसिक गोष्ट आहे काका," म्हणाला, आणि बोटं पँटला पुसली.

रायपूरला नवा आला तेव्हा त्याला जेवणाचे हाल होते. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घराच्या मागच्या बाजूला पोफळी राहत. मनोहरराव रेल्वेत गार्ड होते, रिटायर झालेले. मीच हेमंताला त्यांच्याकडे नेलं. पोफळी काकूंनी त्याला दोन वर्षं दोन वेळा जेवू घातलं. मनोहरराव गेले तेव्हा खांदा द्यायला हेमंता होता, त्यांचा मुलगा सुभाष नागपूरहून पोचायच्या आधी. पुढे हेमंताचं लग्न झालं, सीमा आली, तो गावातच पंडरीला कापडाच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत राहायला गेला. पण सणावाराचं ताट काकूंकडेच.

आता हे स्टार्टर किट. मला त्यानं चार वेळा समजावलं तेव्हा कळलं. कोणत्याही ऑफिसाचं, दुकानाचं, शाळेचं सॉफ्टवेअर करायचं म्हटलं की सुरुवातीचं काम तेच ते. लॉगिन, पासवर्ड विसरला तर काय, पावती कशी छापायची, ऑनलाइन पैसे कसे घ्यायचे, कोणाला काय दिसू द्यायचं. प्रत्येक प्रोग्रामर दर वेळी ते पहिल्यापासून लिहितो आणि दोन-तीन महिने घालवतो. हेमंता म्हणे, ते मी एकदाच उत्तम करून ठेवतो आणि जगभरच्या प्रोग्रामर लोकांना विकतो. पुढचं त्यांचं त्यांनी बांधावं. काकूंना तो म्हणाला, "काकू, मी पोळी नाही विकून राहिलो. मळलेली कणिक विकून राहिलो."

काकू म्हणाल्या, "अरे, मळलेली कणिक शिळी होते ना?"

"होते. म्हणून दर महिन्याला ताजी करून द्या लागते. तेही मीच करीन."

दिवाळीत त्यानं कंत्राट सोडलं. एकटाच बसला. हैदराबादच्या एका कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली होती, तिला त्यानं सांगितलं की वर्षभर थांबा. सीमाला शब्द दिला, एका वर्षात किट चाललं तर रायपूर सोडायचं नाही, नाही चाललं तर गुपचूप हैदराबाद. सीमाची शाळेतली नोकरी इथे होती, आईही इथेच टाटीबंधला होती. आणि हेमंताला तर इथेच राहून दाखवायचं होतं. "काका, नवी राजधानी म्हणते सगळे. पण इथून काही जाते का बाहेर? लोखंड जाते, तांदूळ जाते. सॉफ्टवेअर काहून नाही जाणार?"

गुढीपाडव्याला किट बाजारात आणायचं ठरलं. मी, बायको, पोफळी काकू, सगळ्यांना बोलावणं. पाटावर लॅपटॉप, त्याला हळदकुंकू, पुढे नारळ. सीमानं श्रीखंड केलं होतं. हेमंतानं आंघोळ केली होती आणि रुमालही नवा होता, म्हणजे प्रसंग मोठा. त्यानं बटण दाबलं आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. काय दिसणार होतं देव जाणे. पुऱ्या झाल्या, वरण-भात झाला, पडदा तसाच. मध्ये त्याचा फोन वाजला तेव्हा सगळे ताठ झाले. मोबाईल कंपनीचा होता, रिचार्जचा.

मी किटचं इंटरनेटवरचं पान वाचलं. इंग्रजीत, पण मला वाचता येतं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं असेल? 'या किटमध्ये काय होत नाही.' खाली सोळा मुद्दे. मी म्हटलं, "अरे बैला, दुकान मांडून गिऱ्हाइकाला दारातच सांगतात का की माल कुठे फाटला आहे?"

"मंग नंतर सांगू का काका? पैसे घेतल्यावर?"

दोन महिन्यांत एकानंही घेतलं नाही. फुकट बघायला आलेले लोक मात्र पत्र लिहून सांगत, किट चांगलं दिसतं, पण हे वापरलेलं कोणी आहे का? कोणाचा अभिप्राय दाखवा. दुसऱ्यानं घेतल्याशिवाय पहिला घेत नाही, अशी ती गंमत.

मग तो अभिप्राय मागायला निघाला. पायी, स्कूटरवर, दारोदार. ज्यांची ज्यांची कामं त्यानं करून दिली होती त्या सगळ्यांकडे गेला. किटचे तुकडे त्या कामांतूनच तर घडले होते. "दोन ओळी लिहून द्या. खऱ्या. जे पाहिलं तेवढंच." एक दवाखानावाला म्हणाला, वकिलाला विचारून सांगतो. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, कार्यकारिणीत विषय घेऊ. मंडळाची अख्खी सभासद नोंदणी त्यानं फुकट करून दिली होती! माझ्याकडेही आला. मी म्हटलं, "अरे, सरकारी नोकरीत खाजगी वस्तूची शिफारस करता येत नाही. नियम आहे." असा नियम मी कुठे वाचला होता, ते मला अजून आठवत नाही. तो "हव, बरोबर आहे" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

यानंतरचा हेमंता मला आठवायलाही नको. तो कुठल्या तरी विक्रीगुरूचे व्हिडिओ बघायला लागला. सकाळी, दुपारी, जेवताना. सोळा मुद्दे गेले. त्या जागी लाल आकड्यांचं घड्याळ आलं, 'सवलत संपायला दोन तास'. मी सकाळी पाहिलं तेव्हा दोन तास, संध्याकाळी पाहिलं तेव्हाही दोन तास. कोपऱ्यात पाटी उगवायची, 'आत्ताच जयपूरहून एकानं घेतलं.' कोणीही घेतलं नव्हतं. बोलणं बदललं. ज्याला नमस्कार म्हणताना लाज वाटायची तो कॅमेऱ्यापुढे हात हलवून "दोस्तों!" म्हणायला लागला. खांद्यावर हात ठेवून तो बोलताना दर वाक्यात समोरच्याचं नाव घ्यायचा, गुरूनं सांगितलं होतं म्हणून. मला, तीस वर्षांनी मोठ्या माणसाला, तो "श्रीधरजी, समझिए श्रीधरजी" करायला लागला. अरे, काका म्हणत होतास ना कालपर्यंत?

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाच्या तरी मृत्यूची बातमी आली. खाली भावपूर्ण श्रद्धांजलींची रांग, आणि रांगेच्या मध्येच हेमंताचं, 'आज शेवटचा दिवस! पन्नास टक्के सूट!' माझ्या सासूबाईंच्या तेरवीला तर यानं कहर केला. पंगत बसली होती, आणि हा पत्रावळीशेजारी एकेक छापील कार्ड ठेवत चालला होता, जसं काही मीठ वाढून राहिला आहे. माझ्या मेहुण्यानं कार्ड उलटसुलट करून मला विचारलं, "भाऊजी, हे पिंडदानाचं काही आहे का?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हेमंताला बाजूला ओढून म्हटलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणतो, "श्रीधरजी, लाज वाटली की विक्री बंद." हेही गुरूचंच असणार. त्याच्या कानातल्या टोपणाची किळस परवडली, हे नको.

त्या पावसाळ्यात मी रिटायर झालो. निरोपाच्या दिवशी हेमंता आला होता, गुलाबाचा हार घेऊन. तिथेही त्यानं आमच्या संचालकांना कार्ड दिलं.

आणि मग ते बारा चेहरे.

मंडळाची स्मरणिका दर वर्षी मीच काढतो. मागच्या वर्षीचं मांडणीचं काम हेमंतानं केलं होतं, म्हणून सगळ्यांचे फोटो त्याच्या लॅपटॉपवर होते. आता स्मरणिकेतली एक गोष्ट कोणालाही विचारा. जिवंत सभासद आपले फोटो देतात ते असे, अर्धा डोळा मिटलेला, मागे दोरीवर चड्ड्या वाळत. पण श्रद्धांजलीच्या पानाला घरचे लोक उत्तमातला उत्तम फोटो देतात. उमेदीच्या वयातला, कोट घातलेला, स्टुडिओत काढलेला. एके सकाळी मी दही आणायला रांगेत उभा होतो, मोबाईल उघडला, हेमंताचं पान उघडलं. तिथे नवीन मथळा, 'आमचे ग्राहक काय म्हणतात'. खाली बारा चेहरे, प्रत्येकापुढे पाच-पाच तारे. आणि पहिल्या ओळीत मनोहरराव पोफळी, टाय लावून, मंद हसताना. नाव लिहिलं होतं 'मॅनी पी., सीनियर डेव्हलपर, बेंगळुरू'. बाकीचे अकराही आमचेच. श्रद्धांजलीचं पूर्ण पान त्यानं तिथे नेऊन लावलं होतं. एक संस्कृतचे मास्तर, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, एक पोस्टमास्तर. हयातीत ज्यांनी कॉम्प्युटरला बोट लावलं नाही ते बारा जण मेल्यावर प्रोग्रामर झाले होते. मी दही न घेताच घरी आलो. थू, म्हटलं, या माणसाचं तोंड पाहायचं नाही.

काकूंना सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. हेमंता ते पान ग्रुपवर टाकायचाच, आणि ग्रुपवर जे येईल त्यावर बोट ठेवून बघायची त्यांना सवय आहे. आवाज नेहमीचाच होता. "श्रीधर भाऊ, जरा येता का? हेमंताकडे जायचं आहे."

आम्ही ऑटोनं पंडरीला गेलो. दुपारचे चार वाजले असतील, खाली गोदामात गठ्ठे उतरत होते. सीमानं दार उघडलं, काकूंना वाकून नमस्कार केला. तिला काही माहीत नसावं. हेमंता लॅपटॉपपुढे होता. काकूंना बघून उठला, खुर्ची पुढे केली. काकू बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या यायचा फोटो कुठे आहे तो दाखव."

त्याचा चेहरा पडला. "काकू, ते टेम्पररी आहे. खरे रिव्ह्यू आले की लगेच काढतो."

"दाखव."

त्यानं पान उघडलं. काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ फोटोकडे बघितलं. "खाली काय लिहिलं ते वाच."

त्यानं इंग्रजीत वाचलं.

"मले मराठीत सांग."

हेमंता खाली बघत म्हणाला, "'हे किट मी स्वतः वापरलं आहे. मी सगळ्यांना याची शिफारस करतो.'"

"शिफारस," काकू म्हणाल्या. "सुभाषले रेल्वेत लागायचं होतं. मोठे साहेब यायच्या ओळखीचे होते. एक शब्द टाका म्हणून मी यायच्या पाया पडली. पोटच्या पोरासाठी पाया पडली. हे म्हणाले, ज्याचं काम मी पाहिलं नाही त्याच्यासाठी शब्द टाकत नाही. सुभाष घर सोडून गेला. चार वर्षं बोलला नाही बापाशी. तरी नाही टाकला. आणि तुझी शिफारस करून राहिले का रे हे?"

सीमा दारात उभी होती, ती आत निघून गेली. हेमंताच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "मी पहिले जिवंत माणसांले विचारलं होतं. सव्वीस जणांले. घरी जाऊन. एकानं लिहून दिलं नाही."

हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, ते मला कळलं.

"म्हणून मेलेल्यांच्या तोंडी घातलं?"

त्यानं रुमालाची घडी उलगडली, परत घातली.

"काढ. यायचाच नाही, सगळे काढ. मी बसली आहे."

त्यानं एकेक चेहरा काढला. बारा वेळा मशीननं विचारलं, काढू का, आणि बारा वेळा त्यानं होय केलं. मनोहररावांचा शेवटी काढला. मग नुसता मथळा राहिला, 'आमचे ग्राहक काय म्हणतात', आणि खाली पांढरी जागा. वर लाल घड्याळ चालूच होतं. त्यानं न सांगता तेही काढलं. जयपूरची पाटीही काढली.

"जुनं ते होतं ना, काय होत नाही वालं," काकू म्हणाल्या, "ते लाव परत."

"लावतो. पण त्यानं विकत नाही काकू. अडीच महिने उरले आहेत माझे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "श्रीधर भाऊ, मंग तुम्ही देऊन टाका ना दोन ओळी. तुमचं तर एवढं मोठं काम यानं केलं होतं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात खोटं काय?"

तेरवीपासून मी या माणसाची किळस सगळ्या ब्राह्मणपाऱ्यात सांगत फिरलो होतो. आता दोन ओळी. काय लिहायचं? की माझ्या हातून चारशे माणसांची माहिती गेली आणि यानं ती परत आणली? माझ्या नावानं, फोटोसहित, सगळ्या जगापुढे? आमच्या संचालकांकडेही याचं कार्ड होतं. ते उघडून बघतील. मी म्हटलं, "काकू, तसं नियमात बसत नाही."

"कोणत्या नियमात?" काकू म्हणाल्या. "तुम्ही रिटायर झाले ना?"

खाली गोदामात कोणीतरी गठ्ठा आपटला. मी हेमंताकडे बघितलं. तो चिडला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. त्याला साधं आश्चर्यही वाटलं नव्हतं. सव्वीस दारांवर जाऊन आलेला माणूस सत्ताविसाव्या दारावर जसा उभा राहील तसा तो उभा होता.

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "काकांले कशाला त्रास."

कितीतरी दिवसांनी त्यानं मला काका म्हटलं होतं. त्यानं लॅपटॉप मिटला, काकूंच्या चपला जिन्यापाशी सरळ करून ठेवल्या आणि हात धरून त्यांना एकेक पायरी उतरवून दिली. आमच्यासाठी ऑटोही त्यानंच थांबवला. दिवाळीनंतर ती दोघं हैदराबादला गेली असं काकूंकडून कळलं, मला भेटायला तो आला नाही. त्या दिवशी ब्राह्मणपाऱ्यात ऑटोतून उतरताना मी हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला नाही, ऑटोवाल्याला म्हणाल्या, "भैया, जरा हाथ देना."